कुलरच्या पाण्यावर

भुसावळात मे महिन्यात दुपारी दोनला
रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं.
माझी ड्यूटी रात्रीची, म्हणून मी घरात,
बनियनवर, कुलरसमोर,
आणि कुलरची नळी खिडकीतून बाहेर,
थेंब थेंब, यामिनीच्या कुंड्यांत.

कुंड्या म्हणजे तेलाचे दोन डबे,
एक फुटकी बादली,
आणि लग्नातला कुकर, तळ गेलेला,
त्यात पुदिना.

तिची बदली नंदुरबारला, सिव्हिलमध्ये.
पंधरा दिवसांनी येते, सुरत पॅसेंजरने.
फोन मात्र रोज:
आधी कोथिंबीर कशी आहे, मग पुदिना,
मग गवती चहा,
मग माझं बीपी.

मला यातलं काही येत नव्हतं.
धणे चपलेखाली रगडून दोन फाकी करायचे, मगच पेरायचे,
हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं.
उगवली कोथिंबीर. आठ दिवसांत उन्हाला भिऊन
फुलावर गेली.
"फुलं टाकू नका, डाळीत घाला," ती म्हणाली.
घातली.
डाळ वाईट झाली नव्हती,
पण एकट्याने खाल्लेल्या डाळीबद्दल
कोणाला काय सांगणार?

कढीपत्ता ओरबाडायचा नाही, डहाळी खुडायची.
गवती चहाच्या पातीला धार असते,
हे माझं बोट सांगेल.
तीच पात दुमडून खिशात घालतो,
रात्री अडीचला केबिनमधल्या शेगडीवर
उकळत्या पाण्यात सोडतो.
फेगडे मान वर न करता म्हणतो,
"वहिनी आल्या वाटतं?"
मी सिग्नलकडे बघतो.
कोळशाची मालगाडी जाते, संपतच नाही.

आणि ओवा.
जाड पानांचा, लव असलेला, हात लावला तरी वास देणारा.
तिच्या माहेरची काडी, सावद्याची,
ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली.
मी त्याचे लाड केले.
नळी वळवून सरळ त्याच्याच बुंध्याशी ठेवली,
आठवडाभर, रात्रंदिवस.
मला वाटलं, शेहेचाळीस डिग्री आहे, बिचारा पीत असेल.
तो कुजत होता.
या गावात माणसं पाण्याच्या टँकरमागे धावतात,
आणि माझ्या दारात एक झाड
पाण्याने मेलं.

फोनवर मी "ओवा मस्त" म्हणालो.
मग रशीद तडवीकडे गेलो. आमचा गँगमन,
त्याच्या क्वार्टरमागे पत्र्याच्या पिंपात ओवा,
पिंपातली माती भेगाळलेली.
"पाणी घालता की नाही?"
तो हसला. "आठवण झाली तर."
एक मुळासकट ठोंब दिला, पैसे घेतले नाहीत.
मी तो डब्यात लावला, मेलेल्याच्या जागी,
माती थापली, नळी लांब सरकवली,
हात दोनदा धुतले.

शनिवारी ती आली.
पिशवी दारातच ठेवली, पदर खोचला,
कुंड्यांशी वाकली.
पुदिन्याला "किती रे माजला" म्हणाली.
ओव्याचं एक पान तोडलं,
दोन बोटांत चुरडलं,
नाकाशी नेलं.

मी आत कुलरच्या टाकीत
उगाच बादली ओतत होतो.

"हा आपला नाही," ती म्हणाली.
"हा तिखट आहे.
ह्याला कोणीतरी तहानलेलं ठेवलंय."

मी काहीतरी बोलणार होतो.
तिने विचारलंच नाही.
"बेसन आहे का घरात?"
होतं, डब्याच्या तळाशी, चार मुठी.
तिने पानं मोजून तोडली, चौदा,
झाडाला सहा ठेवली.

कढईत भजी फुगत होती.
पहिलं तिने मला दिलं,
गरम, कागदाच्या तुकड्यावर.
खरंच तिखट होता.
डोळ्यांत पाणी आलं तर ती म्हणाली,
"काबरं? भाजलं का?"

रविवारी रात्रीच्या गाडीला ती गेली.
जाताना डब्याशी थांबली,
नळी उचलली,
आणि विटेखाली अशी अडकवून ठेवली
की दिवसातून दोनच थेंब
त्याच्या वाटणीला यावेत.